शफी गोल्डवासर आणि क्रिप्टोग्राफीतली प्राध्यापकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगच्या संगणक शाखेत तिसऱ्या-चौथ्या वर्षाला क्रिप्टोग्राफीचा विषय असतो. सीझर सायफर, डीईएस, आरएसए या कूटलेखनाच्या पद्धतींचं गणित एवढं झालं की सबमिशन होतं आणि व्हायव्हाही निभावते. एखादी पद्धत सुरक्षित आहे म्हणजे नेमकं काय आहे, हा प्रश्न त्यात येतच नाही. त्याचं पहिलं काटेकोर उत्तर देणाऱ्यांत एमआयटीच्या प्राध्यापक शफी गोल्डवासर यांचं नाव सर्वांत वर घ्यावं लागतं. त्यांच्या कामाबद्दल आणि या क्षेत्रातल्या प्राध्यापकीबद्दल विद्यार्थी आणि पालक जे विचारतात, त्यातले प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत.

क्रिप्टोग्राफीच्या प्राध्यापक म्हणजे बिटकॉइन शिकवतात का?

नाही. बिटकॉइन २००९ मध्ये सुरू झालं, गोल्डवासर यांचा पहिला गाजलेला निबंध १९८२चा. क्रिप्टोग्राफी म्हणजे माहिती लपवणं, ती कुणी बदलली नाही ना हे तपासणं, समोरचा तोच आहे ना याची खात्री करणं आणि एकमेकांवर विश्वास नसलेल्या लोकांना एकत्र हिशेब करू देणं, या सगळ्याचं गणित. चलनं हा त्याचा एक उपयोग. बिटकॉइनच्या व्यवहारावर जी डिजिटल सही असते, तिची पद्धत सुरक्षित आहे की नाही हे ठरवण्याची कसोटी मात्र गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि रॉन रिव्हेस्ट यांनी १९८८च्या निबंधात घालून दिलेली आहे. मिकालींनी पुढे २०१७ मध्ये अल्गोरँड नावाची ब्लॉकचेनही काढली. तरी कुठलं नाणं घ्यावं हे या मंडळींना विचारू नये. त्यांचा तो प्रांत नाही.

शफी गोल्डवासर मूळच्या कुठल्या? शिक्षण कुठे झालं?

जन्म न्यूयॉर्कचा, आईवडील इस्रायली, शाळा तेल अवीवला. पदवीसाठी त्या पुन्हा अमेरिकेत आल्या आणि १९७९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातून गणितात बी.एस. झाल्या. तिथून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात एम.एस. आणि पीएच.डी. मार्गदर्शक होते मॅन्युएल ब्लम.

ब्लम यांच्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण मार्गदर्शक कसा असावा याचं ते ठळक उदाहरण आहे. दोन माणसं फोनवर बोलताहेत, एकमेकांवर विश्वास नाही आणि त्यांना नाणेफेक करायची आहे. छापा की काटा हे कोण बघणार? असला प्रश्न गंभीरपणे घेऊन त्यांनी १९८१ मध्ये त्यावर निबंध लिहिला. वरवर खेळकर, आत खोल, हा त्यांचा बाज होता. त्यांच्या हाताखालून लिओनार्ड एडलमन, गोल्डवासर आणि मिकाली असे ट्यूरिंग पुरस्काराचे (संगणकशास्त्रातल्या सर्वोच्च सन्मानाचे) तीन विजेते बाहेर पडले आणि १९९५चा ट्यूरिंग पुरस्कार खुद्द ब्लमनाही मिळाला. गोल्डवासर आणि मिकाली यांची जोडी जमली ती बर्कलीतल्या विद्यार्थिदशेतच.

१९८३ मध्ये गोल्डवासर एमआयटीत रुजू झाल्या.

या प्राध्यापिका दिवसभर कोड फोडत बसतात का?

सिनेमात तसं असतं. प्रत्यक्षात फोडण्याचं काम करणारे संशोधक वेगळे असतात, आणि त्यांचीही गरज असतेच. गोल्डवासर यांच्यासारख्या सैद्धांतिक क्रिप्टोग्राफरचं काम साधारण असं चालतं. आधी शत्रूचं वर्णन करायचं : त्याला काय दिसतं, काय विचारता येतं, किती वेळ आहे. मग त्याने काय साधलं म्हणजे तो जिंकला, हे लिहायचं. मग अशी पद्धत रचायची आणि सिद्ध करायचं की हा शत्रू जिंकत असेल, तर त्याच्याच मदतीने एखादं जुनं, कुणालाच न सुटलेलं कोडंही सोडवता येईल, उदाहरणार्थ दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारातून त्या दोन संख्या शोधून काढणं.

शेकडो वर्षं गुप्तलेखन म्हणजे एकाने कुलूप बनवायचं आणि दुसऱ्याने ते उघडून दाखवायचं, असं चाललं होतं. ‘अजून कुणी फोडलं नाही’ एवढाच सुरक्षिततेचा पुरावा. ही परिस्थिती बदलण्यात गोल्डवासर यांचा वाटा मोठा आहे आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा धागा हाच आहे. उत्तराच्या मागे लागण्याआधी प्रश्न नेमका लिहून काढायचा, ही त्यांची रीत.

त्यांचं पहिलं मोठं काम कोणतं? त्याचा पत्त्यांच्या डावाशी काय संबंध?

शमीर, रिव्हेस्ट आणि एडलमन या आरएसएवाल्या तिघांनी एक प्रश्न मांडला होता. पत्ते जवळ नसताना दोघांना लांबून, नुसत्या संदेशांवर पोकर खेळता येईल का? त्यांनी एक पद्धतही सुचवली : प्रत्येक पत्त्याला एक संख्या द्यायची, ती कूटबद्ध करायची आणि तशीच पिसायची. रिचर्ड लिप्टन यांनी त्यातली फट दाखवली. कूटबद्ध केल्यावरही मूळ संख्येचा एक गुणधर्म जसाच्या तसा राहत होता. त्यावरून पत्ता कोणता हे कळलं नाही, तरी ‘हा या गटातला आहे’ एवढं कळत होतं. पत्त्यांच्या डावात एवढं पुरतं.

गोल्डवासर आणि मिकाली यांनी ती एक फट बुजवून समाधान मानलं नाही. संदेशाबद्दलची कुठलीही अर्धवट माहिती फुटता कामा नये, अशी अट घातली तर काय करावं लागेल, हे त्यांनी विचारलं.

पहिला निष्कर्ष असा, की एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे संदेश कूटबद्ध करण्यात, दर वेळी नशिबाचा भाग हवा. समजा सार्वजनिक किल्लीची पद्धत आहे, म्हणजे कूटबद्ध करण्याची किल्ली सर्वांना ठाऊक आहे आणि उलगडण्याची फक्त मालकाकडे आहे, आणि संदेश ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढाच आहे. एका संदेशाचं रूप दर वेळी सारखंच येत असेल, तर चोर दोन्ही शब्द स्वतःच कूटबद्ध करून ताडून पाहील. किल्ली फोडायची गरजच नाही! पुस्तकात शिकवतात ती कच्ची आरएसए इथेच मार खाते. म्हणून एकाच संदेशाची असंख्य रूपं निघाली पाहिजेत आणि त्यातलं कुठलं निघेल हे नाणेफेकीवर ठरलं पाहिजे.

दुसरा भाग व्याख्येचा. कूटबद्ध मजकूर हातात असताना जे काही शोधून काढता येतं, ते तो मजकूर नसतानाही शोधता आलं असतं, असं असेल तरच पद्धत सुरक्षित. याला सिमँटिक सिक्युरिटी म्हणतात. वापरायला सोपं रूप असं : शत्रूने स्वतः दोन संदेश निवडावेत, आपण त्यातला एक कूटबद्ध करून द्यावा आणि तो कोणता हे त्याला निव्वळ अंदाजापेक्षा जाणवण्याइतकं बरं सांगता येऊ नये. दोन्ही रूपं त्यांच्या कामातच आहेत.

नुसत्या व्याख्येवर ते थांबले नाहीत. ती पूर्ण करणारी पद्धतही दिली. ७ ने भागून वर्गसंख्यांची बाकी काढून बघा : शून्य सोडलं तर १, २ आणि ४ याच बाक्या मिळतात, ३, ५, ६ कधीच मिळत नाहीत. भाजक मूळ संख्या असेल तर एखादी बाकी वर्गातून आलेली आहे की नाही हे झटकन तपासता येतं. पण भाजक दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार असेल आणि त्या दोन संख्या माहीत नसतील, तर नेमून निवडलेल्या संख्यांबाबत हे सांगणं अतिशय अवघड मानलं जातं. त्यांनी तेच वापरलं : ० पाठवायचा असेल तर कुठलीतरी यदृच्छेने निवडलेली वर्ग-बाकी पाठवा, १ पाठवायचा असेल तर वर्ग नसलेली, पण वरून तशीच दिसणारी. ज्याच्याकडे दोन मूळ संख्या आहेत, त्याला फरक लगेच कळतो. हा निबंध १९८२ मध्ये परिषदेत वाचला गेला आणि १९८४ मध्ये पूर्ण स्वरूपात नियतकालिकात आला.

ती पद्धत आज मोबाइलमध्ये वापरतात का?

नाही, फार खर्चिक आहे. एकेका बिटसाठी शेकडो अंकांची संख्या पाठवावी लागते. वापरात राहिली ती व्याख्या. आज कुठलीही एन्क्रिप्शन पद्धत मान्यतेसाठी मांडली जाते, तेव्हा ती निदान या कसोटीला किंवा तिच्याहून कडक कसोटीला उतरते का, हे आधी पाहतात.

झीरो नॉलेज प्रूफ म्हणजे काय? गणित न वापरता सांगता येईल का?

येईल. समजा तुमचा दावा आहे की देवगड हापूस आणि रत्नागिरी हापूस तुम्ही नुसत्या वासावरून ओळखता. मला दोन्ही सारखेच वाटतात, त्यामुळे माझा विश्वास नाही. मी एकेक आंबा दोन्ही हातांत घेतो, तुम्हाला वास देतो, मग हात पाठीमागे नेतो. मनातल्या मनात नाणं उडवतो. छापा पडला तर आंब्यांची अदलाबदल करतो, काटा पडला तर तसेच ठेवतो. हात पुढे आणून विचारतो, ‘बदलले की नाही?’

तुम्ही थापा मारत असाल तर एका खेपेला बरोबर येण्याची शक्यता निम्मी. वीस खेपा सलग बरोबर येण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी. म्हणजे वीस खेपांनंतर मला मानावंच लागेल की तुम्हाला फरक कळतो. तरी कोकणातल्या त्या दोन आंब्यांत फरक कसा ओळखायचा, हे मला काडीचंही कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या माणसापुढे हीच फुशारकी मारू शकत नाही. आपल्या दोघांच्या संभाषणाची चिठ्ठी त्याला दाखवली तरी उपयोग नाही, कारण ‘बदलले, नाही बदलले’ अशी यादी मी घरी बसून एकट्यानेही लिहू शकलो असतो.

हे शेवटचं वाक्य या कल्पनेचं मर्म आहे. ज्या संभाषणाची हुबेहूब नक्कल पडताळणारा स्वतःच तयार करू शकतो, त्या संभाषणातून त्याला नवीन काही मिळालेलं नसतं. ‘ज्ञान मिळालं नाही’ हे गणितात कसं लिहायचं याचं हे उत्तर गोल्डवासर, मिकाली आणि टोरंटोचे चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८५च्या निबंधात दिलं. सिद्धता म्हणजे कागदावर लिहून टाकलेली, कुणीही नंतर वाचून तपासावी अशी गोष्ट, ही युक्लिडपासूनची समजूत. त्यांनी तिला संवादाचं रूप दिलं : एक विचारतो, दुसरा उत्तर देतो, मध्ये नाणेफेक आहे आणि चुकीची किंचित शक्यता चालवून घेतलेली आहे. निबंधातली उदाहरणं होती वर्ग-बाकीचीच, म्हणजे आधीच्या कामातूनच उगवलेली. १९८६ मध्ये ओदेद गोल्डराइख, मिकाली आणि अवी विगडरसन यांनी दाखवलं की, चांगलं एन्क्रिप्शन अस्तित्वात आहे असं धरलं तर, जिचं उत्तर समोर ठेवल्यावर झटपट तपासता येतं अशी कुठलीही गोष्ट अशा पद्धतीने पटवून देता येते. तिथून या कल्पनेला पंख फुटले.

प्रत्यक्ष उपयोगात यायला तीस वर्षं गेली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या झीकॅश या डिजिटल चलनात पैसे कुणी कुणाला किती दिले हे लपवून व्यवहार वैध असल्याचं दाखवता येतं, ते याच वंशातल्या सिद्धतेच्या जोरावर.

झीरो नॉलेजचा हा निबंध नाकारला गेला होता, हे खरं का?

खरं आहे. सुरुवातीचं रूप १९८२ पासून तयार होतं आणि मोठ्या परिषदांनी तो तीनदा परत पाठवला. चौथ्या वेळी, १९८५ मध्ये, तो स्वीकारला गेला. त्याच परिषदेत लास्लो बाबाई यांनी जवळपास तशाच संवादी सिद्धतेची कल्पना वेगळ्या वाटेने मांडली होती. १९९३ मध्ये सैद्धांतिक संगणकशास्त्रातलं गोडेल पारितोषिक पहिल्यांदाच दिलं गेलं, ते या दोन निबंधगटांना मिळून.

नाकारणाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. ‘ज्ञानाचं मोजमाप’ असं काही समोर आलं, तर आजचा परीक्षकही बिचकेल. तरीही आपल्याकडे पहिला निबंध परत आला की विषयच बदलायचा सल्ला मिळतो, म्हणून ही हकिकत सांगाविशी वाटते.

याखेरीज आणखी काय केलं?

यादी मोठी आहे, निवडक सांगतो.

गोल्डराइख आणि मिकाली यांच्याबरोबर १९८४ मध्ये त्यांनी एक छोटी गुप्त किल्ली घेऊन तिच्यातून अफाट मोठा, यदृच्छ भासणारा तक्ता कसा उभा करायचा हे दाखवलं. तक्ता कुठे साठवायचा नाही, हवा तो रकाना हवा तेव्हा काढायचा. किल्ली नसलेल्याला तो खऱ्या नाणेफेकीपासून वेगळा ओळखता येत नाही.

डिजिटल सहीची १९८८ची व्याख्याही अशीच कडक. शत्रूला त्याच्या पसंतीच्या हव्या तेवढ्या कागदांवर तुमच्याकडून सह्या करून घेऊ द्या. तरीही एका नव्या कागदावर, मग तो निरर्थक का असेना, त्याला तुमची सही बनवता येता कामा नये. इतकी उदारता शत्रूला कशाला, असं वाटतं खरं. पण सर्व्हर चोवीस तास कुणाच्याही विनंतीवर सह्या करत असतात, तेव्हा परिस्थिती नेमकी हीच असते.

मायकेल बेन-ऑर आणि विगडरसन यांच्यासह १९८८ मध्येच त्यांनी दाखवलं की अनेक जण आपापले आकडे एकमेकांना न सांगता त्यावर एकत्र हिशेब करू शकतात. त्यातले निम्म्याहून कमी जण नुसते चोरून बघणारे असतील तरी चालतं. मुद्दाम खोडा घालणारे असतील तर ते एकतृतीयांशाहून कमी हवेत. डेव्हिड चॉम आणि सहकाऱ्यांनी त्याच वेळी स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष काढला. आपल्या साखरपट्ट्यात या कामाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. डेन्मार्कमध्ये साखर बिटापासून काढतात आणि डॅनिस्को ही एकच कंपनी शेतकऱ्यांकडून बीट घेत होती. जानेवारी २००८ मध्ये तिथे बीट-कंत्राटांचा लिलाव अशा गुप्त हिशेबाने झाला. कुठल्या भावाला किती माल द्यायला तयार आहोत, हे सुमारे १२०० शेतकऱ्यांनी कूटबद्ध करून भरलं. हिशेब तीन संगणकांनी मिळून केला : एक कंपनीचा, एक शेतकरी संघटनेचा, एक संशोधकांचा. भाव ठरला, पण कुणाची बोली कितीची हे कंपनीलाही कळलं नाही आणि संघटनेलाही नाही. या पद्धतीचा एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा हा पहिला प्रत्यक्ष वापर मानला जातो. आपल्याकडे ऊसदराच्या बैठका कशा होतात हे माहीत असलेल्याला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

त्या फक्त क्रिप्टोग्राफीच करतात का?

नाही. उलट क्रिप्टोग्राफीतली हत्यारं त्यांनी इतरत्र नेली. लांबलचक सिद्धतेचे मोजकेच तुकडे, तेही यदृच्छेने निवडून, वाचायचे आणि तरी ती खरी की खोटी हे जवळजवळ खात्रीने सांगायचं, अशा सिद्धतांवरचं त्यांचं काम २००१च्या गोडेल पारितोषिकात सामील होतं. त्या वेळच्या नऊ मानकऱ्यांत संजीव अरोरा, राजीव मोटवानी आणि मधु सुदान हे तिघे होते.

एखादी संख्या मूळ आहे याचा छोटासा, तपासता येण्याजोगा दाखला कसा द्यायचा, यावर त्यांनी त्यांचे विद्यार्थी जो किलियन यांच्यासह १९८६ मध्ये लंबवर्तुळी वक्र वापरून पद्धत दिली. नाणेफेकीचा आधार न घेता संख्या मूळ आहे का हे जलद ठरवण्याचा प्रश्न मात्र शिल्लक होता. तो २००२ मध्ये कानपूर आयआयटीत मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सोडवला, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं.

एकाच वेळी दोन संस्थांत प्राध्यापक कसं असता येतं?

१९९३ पासून त्या इस्रायलमधल्या रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतही प्राध्यापक आहेत. तिकडच्या शास्त्रज्ञांत अशी दुहेरी नेमणूक अगदीच दुर्मीळ नाही. आपल्या विद्यापीठांच्या चौकटीत ती बसवायची म्हटलं तर फाइल कुठवर जाईल ते सांगता येत नाही. एमआयटीत १९९७ पासून त्यांच्याकडे आरएसएच्या नावाचं प्राध्यापकपद आहे. कच्ची आरएसए अपुरी आहे हे समजावणाऱ्या बाईंकडे ते पद असावं, हे मला आवडतं. २०१८ मध्ये त्या बर्कलीच्या सिमन्स या सैद्धांतिक संगणकशास्त्राच्या संस्थेच्या संचालक झाल्या, म्हणजे जिथे पीएच.डी. केली त्याच आवारात. त्यांच्या आधीचे संस्थापक-संचालक रिचर्ड कार्प होते.

त्यांचे विद्यार्थी कोण? त्यात भारतीय नावं आहेत का?

प्राध्यापकाची कारकीर्द मोजायची तर मी पुरस्कारांआधी इथे बघेन. स्वीडनचे योहान हॉस्टाड, सलिल वधान, याएल कलाई, गाय रॉथब्लम, अमित सहाय, विनोद वैकुंठनाथन, ही सगळी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. झालेली माणसं.

सहाय यांनी २००० मध्ये झीरो नॉलेजवरच प्रबंध लिहिला. पुढे २०१३ मध्ये, संजम गर्ग आदी सहकाऱ्यांसह, प्रोग्राम चालू ठेवून त्याची आतली रचना लपवण्याची एक उमेदवार पद्धत त्यांनी मांडली आणि त्यावरून क्षेत्रात काही वर्षं अक्षरशः धुमाकूळ होता. वैकुंठनाथन मद्रास आयआयटीचे. माहिती कूटबद्धच ठेवून तिच्यावर हिशेब करण्याच्या कामासाठी झ्विका ब्राकेर्स्की आणि क्रेग जेन्ट्री यांच्यासह त्यांना २०२२चं गोडेल पारितोषिक मिळालं. एमआयटीत ते आता गोल्डवासर यांचे सहकारी आहेत.

काही फसलं का कधी?

फसलं. गोल्डराइख आणि शाय हालेवी यांच्यासह १९९७ मध्ये त्यांनी जालकांवर, म्हणजे अवकाशात नियमित पसरलेल्या बिंदूंच्या रचनेवर, आधारलेली एन्क्रिप्शन पद्धत सुचवली. कागदावर सुटसुटीत आणि जलद. १९९९ मध्ये फोंग न्युएन यांनी तिच्यातला दोष दाखवला आणि ती बाद झाली. कल्पना मात्र वाया गेली नाही. जालकांवरचं काम इतरांनी भक्कम पायावर पुढे नेलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने क्वांटम संगणकापुढे टिकावीत म्हणून जी पहिली प्रमाणं जाहीर केली, त्यातलं किल्ली-देवाणघेवाणीचं प्रमाण जालकांवरच उभं आहे.

क्वांटम संगणक आला की त्यांचं सगळं काम रद्दी होणार का?

वर्ग-बाकीवर उभी असलेली मूळ पद्धत तुटेल, जशी आरएसए तुटेल. पीटर शोर यांनी १९९४ मध्येच ते दाखवून ठेवलं आहे. व्याख्या तुटत नाहीत. शत्रूच्या हाती क्वांटम संगणक दिला, एवढाच त्यात बदल होतो.

ट्यूरिंग पुरस्कार केव्हा मिळाला?

२०१२चा, मिकालींबरोबर. रक्कम तेव्हा अडीच लाख डॉलर होती. हा पुरस्कार मिळालेल्या त्या तिसऱ्या स्त्री; आधीच्या दोघी फ्रान्सिस अॅलन आणि बार्बरा लिस्कोव्ह. बाकी पुरस्कारांची जंत्री इथे देत नाही.

कंपनी वगैरे काढली का?

हो, २०१६ मध्ये, ड्युअॅलिटी टेक्नॉलॉजीज. सहसंस्थापकांत वैकुंठनाथनही आहेत. दोन संस्थांना, समजा दोन रुग्णालयांना किंवा बँकांना, आपला डेटा एकमेकांना न दाखवता त्याचं एकत्र विश्लेषण करता यावं, हा धंदा. १९८८च्या प्रमेयांचं दुकान व्हायला एवढा काळ लागला.

एआयच्या काळात क्रिप्टोग्राफरचं काय काम?

२०२२ मध्ये गोल्डवासर, मायकेल किम, वैकुंठनाथन आणि ओर झमीर यांनी जे दाखवलं ते ऐकून झोप उडावी. एखाद्या कंपनीकडून तुम्ही कर्ज मंजूर करणारं मॉडेल तयार करून घेतलं, तर तिला त्यात असं चोरदार ठेवता येतं की अर्जातला एखादा किरकोळ तपशील ठरावीक पद्धतीने बदलला की निकाल फिरतो. मॉडेल चालवून, चाचण्या घेऊन हे दार सापडत नाही. सापडलं असतं तर डिजिटल सहीही फोडता आली असती, असा त्यांचा युक्तिवाद आहे. म्हणजे १९८८ची व्याख्या इथे चोराच्या बाजूने उभी आहे. मॉडेल ‘टेस्ट करून घेतलं’ एवढ्यावर विसंबणाऱ्या सरकारी खात्यांनी हा निबंध कुणाकडून तरी समजून घ्यावा.

महाराष्ट्रातून या क्षेत्रात यायचं तर वाट कोणती?

पहिली गोष्ट, सायबर सिक्युरिटीची नोकरी आणि क्रिप्टोग्राफीतलं संशोधन या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिलीत प्रमाणपत्रं आणि नेटवर्कचा सराव लागतो. दुसरीत बीजगणित, संख्या-सिद्धांत, संभाव्यता आणि गणनाची क्लिष्टता (कुठला प्रश्न सोडवायला किती हिशेब लागतो याचा अभ्यास). बी.एस्सी. गणित करून आलेल्यांना इंजिनिअरिंगवाल्यांपेक्षा इथे बऱ्याचदा सोपं जातं, कारण त्यांना सिद्धता लिहायची सवय असते. कोडिंग यायला हवं, पण गोल्डवासर यांचे मुख्य निबंध वाचायला एकही ओळ कोड लागत नाही.

मुंबईतच पवईला आयआयटी आणि कुलाब्याला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आहे. टीआयएफआरमध्ये संगणकशास्त्रातली सैद्धांतिक पीएच.डी. करता येते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत क्रिप्टोलॉजीची जुनी परंपरा आहे आणि इंडोक्रिप्ट ही परिषद २००० मध्ये तिथूनच सुरू झाली. चेन्नईत मद्रास आयआयटी, बंगळुरूत आयआयएस्सी. गेटची तयारी सगळे करतात. तिच्या जोडीने एखाद्या सुट्टीत एमटीटीएससारखं गणिताचं शिबिर केलं तर डोकं वेगळ्या पद्धतीने चालायला लागतं.

पालकांचा प्रश्न नेहमी पैशाचा असतो आणि तो रास्त आहे. केंद्राच्या २०२३च्या दरानुसार कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती महिना ३७,००० रुपये आणि ज्येष्ठ ४२,००० रुपये, वर घरभाडं. कॅम्पस प्लेसमेंटच्या पॅकेजशी याची तुलना केली तर पीएच.डी. हरते. ज्याला ही तुलना पाचही वर्षं छळणार आहे, त्याने आधी दोन वर्षं नोकरी करून बघितलेली बरी.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

या क्षेत्राचं एक भाग्य असं की जवळपास सगळं फुकट वाचायला मिळतं. आयएसीआर या आंतरराष्ट्रीय संघटनेचा ई-प्रिंट संग्रह २००० पासून खुला आहे. नवे निबंध तिथे रोज येतात, त्यांच्या मागे सुरुवातीला लागू नये. एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर क्रिप्टोग्राफीचे आख्खे अभ्यासक्रम आहेत. त्यातला एक गृहपाठासकट पुरा करावा.

मग १९८४चा गोल्डवासर-मिकाली निबंध काढावा. इंग्रजी साधं आहे, पहिली काही पानं तर बारावीचं गणित झालेल्यालाही कळतील. व्याख्या आली की पुढे न जाता पुस्तकातली आरएसए तिच्यावर घासून बघावी आणि ती कुठे नापास होते हे स्वतःच्या हाताने लिहून काढावं. त्यानंतर ९१ हा भाजक घेऊन (७ गुणिले १३) एखादा बिट त्यांच्या पद्धतीने कूटबद्ध करावा, मित्राला पाठवावा. त्याला ७ आणि १३ माहीत असताना आणि नसताना, दोन्ही वेळा तो बिट ओळखायला लावावा. संख्या एवढ्या लहान असताना दुसऱ्या वेळीही तो ओळखेलच. मात्र त्याला किती जास्त खटपट करावी लागली, ते मोजून ठेवावं.